मंडपाच्या दारातून परत गेलेली गोधडी : समाज मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीतले सर्व भाऊ,
आपले तालुका समाज मंडळ

स. न. वि. वि.

आप्पा, हे पत्र मी वैशाखात हातानं लिहून तुमच्या घरी पोचतं केलं होतं. आता आषाढ सरत आला. मधे मंडळाची एक बैठकही होऊन गेली, पण पत्राचा विषय तिथे निघालाच नाही असं कळलं. म्हणून तेच पत्र थोडं वाढवून सगळ्या समाजासमोर ठेवते आहे. मंडळाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. मला कुणाची बदनामी करायची नाही. पोरांच्या वसतिगृहासाठी उन्हातान्हात दारोदार फिरलेली माणसं आहात तुम्ही, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मला फक्त आहेराबद्दलचा एक ठराव मागे घेतलेला पाहायचा आहे.

आधी माझं सांगते. माझं माहेर पारोळ्याकडचं. अमळनेर तालुक्यात बोरी नदीकाठच्या गावी सून म्हणून आले त्याला चाळीस वर्षं झाली. त्यातली तीस वर्षं अंगणवाडी चालवली, आता घरी असते. आणि ज्या ठरावाबद्दल लिहिते आहे त्याला हात वर करणाऱ्यांत मी स्वतः होते. त्या दिवशी सभागृहात आम्ही चारच बायका होतो आणि चौघींनीही हात वर केला. तेव्हा हे पत्र जितकं तुम्हाला आहे तितकीच माझी कबुलीही आहे.

हात का वर केला? आहेराच्या साड्यांना कंटाळले होते म्हणून. माझ्या पेटीत अजून सतरा साड्या आहेत, ज्यांची घडीसुद्धा मोडलेली नाही. नेसण्यासारख्या त्या नाहीतच; दुकानदार ‘देण्याघेण्यातली’ म्हणून वेगळा गठ्ठा काढून दाखवतो ना, त्यातल्या. एक साडी तर मीच दिलेली, ती चार वर्षांनी नणंदेच्या गावावरून फिरून माझ्याच ओटीत आली. लग्नघरच्या बाईला रात्र रात्र बसून कुणाला टोपी, कुणाला दस्ती, कुणाला पातळ याच्या चिठ्ठ्या लावाव्या लागतात. एखाद्या मावससासूला हलकं पातळ गेलं की ती मांडवातच तोंड फिरवते. माझ्या वडिलांनी माझ्या लग्नात विहिणीला दिलेलं लुगडं तिनं पुढच्या पडवीत बोटांनी चोळून पाहिलं होतं, सगळ्यांसमोर, आणि वडील खांबाला टेकून उभे होते. तेव्हा जुनं ते सगळं सोनं होतं असं मी म्हणणार नाही. हा खर्च आणि हा जाच थांबावा असं मला वाटत होतं आणि आजही वाटतं.

पण ठराव जसा कागदावर उतरला तो असा : लग्नात कपडे, भांडी किंवा कोणतीही वस्तू आहेर म्हणून घ्यायची नाही. आहेर फक्त रोख, पाकिटात किंवा दाराशी लावलेल्या क्यूआर कोडवर. पाचशेच्या खाली कुणी देऊ नये. देणाऱ्याचं नाव आणि रक्कम माइकवर पुकारायची आणि रात्री यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची, म्हणजे हिशेब पारदर्शक. दुखवट्यालाही हाच नियम.

वाचून दाखवला तेव्हा सरळ वाटला. त्याचा अर्थ मला कळला तो वैशाखात, आमच्याच घरच्या लग्नात.

माझ्या दिराच्या मुलीचं लग्न होतं. मुलगा सुरतेला कामाला. तुमचे स्वयंसेवक दाराशी टेबल टाकून बसलेले, गळ्यात बिल्ले, पुढ्यात वही आणि तो चौकोनी कोड चिकटवलेली पाटी. मी आत नवरीजवळ होते. बाहेर माइकवर नावं चालली होती : अमुक आबा, अकराशे; तमुक सर, एकवीसशे. ऐकता ऐकता कान सरावले होते, आणि मधेच एका म्हातारीचं नाव आलं आणि पुढे ‘वीस रुपये’. पुकारणाऱ्या पोरानं आवाज बदलला नाही, तो बिचारा यादी वाचत होता. पण मांडवात कुणीतरी हसलं.

ती म्हातारी आमची मोठी माय. रक्ताची नाही. तिचा नवरा अकरा वर्षं आमच्याकडे सालदार होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल संपायचं, आखाजीलाच नवं धरायचं, आणि दरवर्षी तो आमच्याच घरी राहायचा. ही पुतणी जन्मली तेव्हा माझी जाऊ अंथरुणाला खिळलेली. सव्वा महिना मोठ्या मायनं पोरीला मांडीवर घेऊन न्हाऊ घातलं, तेल लावलं, धुरी दिली. आजही ती निंदणीला आणि कापूस वेचायला जाते. तिच्याकडे पाचशेची नोट असते ती किराणावाल्याला द्यायची असते.

मी दाराशी गेले तोवर ती निघून गेली होती. न जेवता. टेबलावरच्या पोरांना विचारलं. ती पोरं वाईट नाहीत, त्यांनी जे झालं ते सांगितलं. म्हातारी काखेत गाठोडं घेऊन आली. एकानं म्हटलं, “मोठी माय, वस्तू चालत नही. पाकीट शे का?” ती म्हणाली, “मन्हा हातनी शे रे भो, पोरले दी दे.” त्यानं नियम सांगितला. ती जराशी थांबली, मागे रांग लागली होती, तेव्हा कनवटीला लावलेली वीसची नोट सोडून तिनं टेबलावर ठेवली आणि गाठोडं घेऊन परत फिरली.

चार दिवसांनी मी तिच्या घरी गेले. गाठोडं खाटेवर होतं. बरंच बोलल्यावर तिनं ते सोडलं. गोधडी होती. डबल अस्तराची, पुरी सहा हाताची, बारीक धावदोरा, कडेपासून आत आत येत गेलेला. रंग ओळखीचे वाटले म्हणून मी हात फिरवला, तर मधोमध हिरव्या तुकड्यावर माझे स्वतःचे टाके लागले. सासूबाईंच्या हिरव्या, रुईफुली काठाच्या लुगड्यावर एकदा चुलीतला निखारा उडाला होता. त्या भोकावर मी लाल दोऱ्यानं टाके घातले होते, कारण त्या दिवशी घरात हिरवा दोरा नव्हता. सासूबाई गेल्या तेव्हा बाराव्यानंतर त्यांची चार लुगडी आम्ही मोठ्या मायला दिली होती. आमच्याकडे तशी रीत आहे. तिनं ती नेसली नाहीत. इतकी वर्षं पेटीत ठेवली आणि नातीचं लग्न ठरल्यावर चैत्रभर दुपारी बसून त्यांची गोधडी शिवली. आजीची लुगडी नातीच्या अंगावर परत जावीत म्हणून.

तिची नजर आता नीट चालत नाही. सुईत दोरा ती शेजारच्या पोरीकडून ओवून घ्यायची. एकदम दहा-बारा सुया ओवून ठेवायची आणि संपल्या की दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबायची. हे मला त्या पोरीनं सांगितलं, मोठ्या मायनं नाही.

ही गोधडी तुमच्या टेबलावरून परत गेली. मी तुमच्यावर रागावून हे लिहीत नाही, पण हे झालं आहे आणि मंडळाच्या ठरावामुळे झालं आहे. म्हणून माझं म्हणणं एकेक करून मांडते.

पहिलं, पाचशे रुपयांची अट. ‘खर्च कमी व्हावा’ म्हणून आपण ठराव केला ना? मग कमीत कमी किती हे ठरवायचं कारणच काय? ज्याच्या घरी आजवर घरच्या दोन पायली गव्हानं किंवा मांडवात दोन दिवस राबून आहेर व्हायचा, त्याला आता पाचशे उसने आणावे लागतात. एका हंगामात आठ-दहा लग्नं येतात. मजुरी करणाऱ्या घरानं काय करावं? माझ्या शेजारच्या एका घरानं यंदा तीन लग्नं ‘बरं नाही’ सांगून टाळली. आजारी कुणी नव्हतं.

दुसरं, माइकवर पुकारणं. तुम्ही म्हणाल, पूर्वीही आहेर पुकारत. हो, पुकारत, पण काय पुकारत ते आठवा : ‘मामाकडून नवरीला पातळ आणि परात’, ‘आत्याकडून घागर’. आधी नातं यायचं, मग वस्तू. आता नाव आणि आकडा. आकडे एकाखाली एक आले की लहानमोठं आपोआप दिसतं. परात आणि गोधडी एकाखाली एक लिहिली तर बेरीज होत नाही.

श्रावणात आपल्या कानबाईच्या सणाला रोटांचे गहू घेताना माप सव्वाचंच असतं, वीस एकराच्या धन्याला आणि मजुरालाही. दळलं की पीठ एक होतं. भाऊबंदकी ते एकत्र बसून खाते आणि कुणाचं किती होतं हे कुणी विचारत नाही. ही रीत आपल्याच घरातली आहे. ग्रुपवर रक्कम टाकायची पद्धत आपण कुठून आणली?

तिसरं थोडं लांबेल, कारण मला सगळ्यात जास्त तेच लागलं आहे. वस्तू का नको? ‘आजकाल सगळ्यांकडे सगळं असतं, वस्तूचा उपयोग काय,’ असं सचिव भाऊ बैठकीत म्हणाले होते. भाऊ, एकदा माझ्या घरी या आणि माझी भांड्यांची मांडणी पाहा. वरच्या फळीवर पितळेची परात आहे, आत्यानं दिलेली. तिच्यावर ठिपक्यांच्या अक्षरात ‘आत्याकडून सप्रेम भेट’ असं कोरलं आहे. कोरणाऱ्यानं जागेचा अंदाज चुकवला, म्हणून ‘भेट’मधला ट काठावरून खाली घसरला आहे. आत्या जाऊन पंधरा वर्षं झाली. कणीक मळताना माझा अंगठा अजून त्या ट वर जातो. खालच्या फळीवर स्टीलचे डबे, प्रत्येकावर नाव आणि तारीख. कोणत्या वर्षी कोणाशी आमचं येणंजाणं होतं, कोण रुसून बसलं होतं आणि कोण त्या वर्षीही आलं होतं, हे मी डब्यांवरून सांगू शकते. एक डबा अशा घरचा आहे ज्यांच्याशी बांधावरून आमचं बारा वर्षं बोलणं नव्हतं. माझ्या मुलाच्या लग्नात त्या घरची बाई डबा घेऊन आली, काही न बोलता ठेवून गेली. क्यूआर कोडवर पैसे पाठवून ते भांडण मिटलं असतं असं मला वाटत नाही.

लग्नानंतर पुतणीला फोनवर विचारलं, कुणी कुणी काय दिलं गं? ती म्हणाली, “काकू, ग्रुपवर यादी आहे, बघून सांगते.” पोरीचा दोष नाही. पैसे तर मंडपवाल्याच्या आणि आचाऱ्याच्या बिलात त्याच रात्री गेले.

आमच्या सासऱ्यांची आहेराची वही माझ्याकडे आहे. जाड पुठ्ठ्याची, पाठीमागे उलगडणारी, हळदीचे डाग पडलेली. त्यात १९७३ चं एक लग्न आहे, माझ्या मोठ्या नणंदेचं. १९७२ च्या दुष्काळानं घरंच्या घरं रिकामी केलेली, लोक रेशनची लाल मिलो ज्वारी खात होते. त्या पानावर साडी एकच आहे. बाकी नोंदी अशा : ‘गहू, १ पायली’. ‘दूध, सकाळचं’. ‘खापर आणि मांडे करणारी बाई, १ दिवस’. आणि एक नोंद आहे : ‘विहिरीचं पाणी, २ दिवस, गाडीनं पोच’. त्या वर्षी गावात दोनच विहिरींना पाणी होतं. त्या माणसानं आपला आहेर म्हणून लग्नाला पाणी दिलं. पुढे काही पानांनी त्याच घराच्या लग्नात आमच्याकडून गेलेला आहेर लिहिला आहे : ‘बैलजोडी, वरातीला, ४ दिवस’. आता मला सांगा, हे पाणी तुम्ही किती रुपयांचं धराल? पाचशेच्या वर की खाली?

तीही वही हिशेबाचीच होती, मान्य आहे. घेतलेलं फेडायचं असतं म्हणूनच सासरे लिहून ठेवत. पण पाण्याला बैल आणि पायलीला पातळ असं फेडताना कोण जास्त आणि कोण कमी हे कधी पक्कं ठरत नसे. म्हणून येणंजाणं चालू राहायचं. पाकिटातसुद्धा जुनी माणसं शंभर देत नसत, एकशे एक देत. वरचा रुपया कशाला, असं मी लहानपणी वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, “पूर्ण फिटलं तर परत यायला कारण काय राहील?” आता कोडवर गोल आकडा जातो आणि टुंग करून वाजतं.

पैशाला मी नावं ठेवत नाही, हे पुन्हा सांगते. लग्नघराला रोख लागते. कर्ज काढून लग्न केलेल्या बापाला पाकिटांचा आधार होतो. ज्याला पाकीट द्यायचं त्यानं ते जरूर द्यावं. पण पाकीट सोडून दुसरं काही घेऊन आलेल्या माणसाला दारातून परत पाठवायचा अधिकार मंडळाला कुणी दिला? मी हात वर केला तेव्हा हा अधिकार मी दिला नव्हता. निदान मला तसं कळलं नव्हतं.

कायद्याचं नावही बैठकीत निघालं होतं, की वस्तू घेतल्या तर हुंड्याचा संशय येतो. मी त्यावर चौकशी केली. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात लग्नात न मागता दिलेल्या भेटींना मनाई नाही. मुलीकडून येणारी भेट रितीची असावी आणि देणाऱ्याच्या ऐपतीबाहेरची नसावी, आणि भेटींची यादी ठेवावी, एवढं म्हटलं आहे. त्या यादीचे नियम १९८५ मध्ये आले. यादीत वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातेवाईक असेल तर नातं लिहायचं, आणि खाली वधूवरांच्या सह्या. सरकारच्या कागदालाही नातं विचारावंसं वाटलं. आपल्या वहीत तो रकानाच नाही.

चौथं, दुखवटा. यावर मी फार लिहू शकणार नाही. सहा वर्षांपूर्वी आमचे हे गेले. दहाव्याला माझा भाऊ माहेरचं पातळ घेऊन आला. त्या वर्षी त्याच्याकडे कपाशी बोंडअळीनं गेली होती, मला ठाऊक होतं. सुती, फिकट जांभळं पातळ, कांजीनं कडक. असा रंग आमची आई नेसायची. त्यानं दुकानात उभं राहून तो रंग शोधला असणार. तो एक शब्द बोलला नाही. वहिनीनं ते माझ्या अंगावर घातलं आणि मी त्या कडक कापडात तोंड लपवून पहिल्यांदा मोकळी रडले. तुमच्या नियमाप्रमाणे त्यानं काय आणायला हवं होतं? पाकीट? आणि ते कुणी माइकवर पुकारलं असतं?

दुखवट्याचे शर्टपीस आणि टॉवेल यांचे ढीग कमी करायचे तर सांगा, मीही सांगेन. पण माहेरचं पातळ, मामाची टोपी, या दोन-तीन गोष्टींना हात लावू नका. त्या दिवशी त्या बाईजवळ तेवढंच असतं.

पाचवी तक्रार ठरावात जे नाही त्याबद्दल आहे. त्याच वैशाखातल्या लग्नांत स्टेजच्या बाजूला मोटरसायकल उभी होती, फ्रिज होता, सोन्याची पाकिटं जळगावच्या सराफाकडून बंद होऊन आली होती. ते सगळं ‘मुलीच्या बापाची हौस’ म्हणून चाललं. तिथे कुणी स्वयंसेवक टेबल टाकून बसला नाही. गोधडी अडली आणि मोटरसायकल आत गेली. हा ठराव खर्चाविरुद्ध असेल तर तो मोठ्या दारातून सुरू व्हायला हवा होता.

आणि आखाजीचंही बोलते, कारण हेही देण्याघेण्याच्याच नावाखाली चालतं. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराई असते, घागर भरली जाते, सांजोऱ्या होतात. वर्षभर ज्या दिवसाची वाट पाहायची तो दिवस. त्याच दिवसांत किती बहिणींना साडीचोळी करून तालुक्याला नेतात आणि हक्कसोडीच्या कागदावर सही घेतात, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा आहे आणि तो जन्मानं आहे, वडील त्या तारखेला हयात नसले तरी आहे, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं. बहिणीला वाटा नको असेल तर तिनं मनानं सोडावा, तिची मर्जी. पण एका हातात साडी आणि दुसऱ्या हातात शाईचा पॅड धरून दिलेल्या वस्तूला मी आहेर म्हणणार नाही. ती साडी कुणी नेसत नाही, भाऊ. मी अशी साडी एका मैत्रिणीच्या पेटीत पाहिली आहे. तिनं ती उलटी घडी करून ठेवली होती.

आता मागण्या. त्या साध्या आहेत.

पाचशेची अट काढून टाका. माइकवर रक्कम पुकारणं आणि ग्रुपवर यादी टाकणं आजपासून बंद करा. ज्या घराला हिशेब हवा त्यानं आपल्या वहीत लिहावा, ती वही घरातच राहील.

वस्तूंवरची बंदी उठवा. सरसकट साड्या-टोप्यांची देवाणघेवाण थांबवायची तर तेवढंच लिहा : कपड्यांचा आहेर सख्ख्या नात्यापुरता, बाकी कुणी अपेक्षा करू नये. ‘कृपया आहेर आणू नये’ असं ज्याला पत्रिकेवर छापायचं त्यानं खुशाल छापावं, तो त्या घरचा निर्णय. पण कुणी काही घेऊन आलंच, हातानं केलेलं असो की बाजारातून आणलेलं, तर ते दाराशी अडवायचं नाही. आत न्यायचं आणि नवरीच्या हातात द्यायचं. टेबलावर बसणाऱ्या पोरांना हे नीट समजावून सांगा. ती आपलीच पोरं आहेत, ऐकतील.

दुखवट्याला नियमातून पूर्ण वगळा.

नवा ठराव करायचाच असेल तर मोटरसायकल, फ्रिज आणि तोळ्यांवर करा, आणि आखाजीच्या आसपास हक्कसोडीच्या सह्या घ्यायच्या नाहीत यावर करा. त्याला मी दोन्ही हात वर करीन आणि गावातल्या बायका घेऊन येईन. बैठकीत बायकांना चारच खुर्च्या असू नयेत, हेही त्यातच लिहून घ्या. आहेर निवडतं कोण, बांधतं कोण, कुणाच्या घरी काय गेलं ते आठवतं कोण, हे तुम्हाला सांगायला नको.

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसेल. सुरत, पुणे, नाशिक, सगळीकडची भाऊबंदकी तेव्हा गावी असते. त्याच दिवसांत बैठक लावा, म्हणजे बाहेर राहणाऱ्यांनाही बोलता येईल. मी सासऱ्यांची वही घेऊन येईन. ज्यांच्या घरी अशा वह्या असतील त्यांनीही आणाव्यात, एवढी सगळ्यांना विनंती आहे.

शेवटची मागणी माझी एकटीची आहे. गोधडी अजून मोठ्या मायच्या खाटेवर आहे. मी तिला म्हटलं, मला दे, मी पोरीला पोचवते. ती नाही म्हणाली. “मांडवमा कोणी लिधी नही, आते राहू दे.” मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायची हिंमत झाली नाही. पुतणी राखीला माहेरी येणार आहे. त्याआधी मंडळातल्या दोघांनी मोठ्या मायकडे जावं. तिच्या वीस रुपयांची माफी मागा असं मी म्हणत नाही, तिला ते आवडणार नाही. फक्त गोधडी मागून घ्या, पोरीला द्यायची आहे म्हणून सांगा. तिच्याकडे कपभर काळा चहा होईल तो नाही म्हणू नका.

घर नदीकडच्या गल्लीत आहे, शेवटचं, दाराशी निंब. सकाळी गेलात तर ती भेटणार नाही, निंदणीला गेलेली असते. सहानंतर जा.

आपली,
गावातली एक निवृत्त अंगणवाडी सेविका